बारा वर्षांच्या गुलाम पोराने जगाला दिली व्हॅनिलाची शेती, त्याच्या हाती मात्र काहीच लागलं नाही

लाल भोपळ्याचा वेल कधी कधी नुसताच फुलतो. मादी फुलामागची बारकी गाठ दोन-चार दिवस हिरवी दिसते, मग पिवळी पडून गळून जाते. मधमाशी फिरकली नाही की असं होतं. अशा वेळी घरातली जाणती बाई सकाळी उठून नर फूल खुडते, त्याच्या पाकळ्या काढून टाकते आणि आतला परागाचा दांडा मादी फुलात टेकवते. भोपळा धरतो. परसबाग करणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे काही नवीन नाही.

हिंदी महासागरातल्या एका बेटावर एका गुलाम मुलाला त्याच्या मालकाने हाच प्रकार दाखवला होता. मुलाने तो डोक्यात ठेवला आणि एक दिवस मोठमोठ्या बागाईतदारांनी हात टेकलेल्या एका वेलावर करून पाहिला. तो वेल होता व्हॅनिलाचा. मुलाचं नाव एडमंड. साल १८४१, वय अवघं १२. आज जगात जी खरी, नैसर्गिक व्हॅनिला पिकते, तिची जवळजवळ प्रत्येक शेंग माणसाच्या हाताने परागीभवन करून धरलेली असते, आणि हाताची ती पद्धत या पोराचीच आहे.

मराठी माणसाला मॉरिशस चांगलं ठाऊक आहे, तिथे आपले लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. त्याच्याच शेजारी, साधारण २०० किलोमीटरवर, रियुनियन नावाचं बेट आहे. तेव्हा त्याला बूर्बाँ म्हणत आणि तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. ऊस, कॉफी, लवंग हे तिथले व्यवहार आणि ते सगळे गुलामांच्या जिवावर चालायचे. या बेटाच्या उत्तरेकडच्या सेंट सुझान गावात १८२९ मध्ये एडमंडचा जन्म झाला. आई मेलिस बाळंतपणातच गेली. वडील पाम्फिल, तेही गुलाम. गुलामाला आडनाव ठेवायची पद्धत नव्हती, म्हणून पोराच्या नावापुढे काहीच नव्हतं. नुसता एडमंड.

त्याची मालकीण एल्विर बेलिये-बोमाँ. तिने हा लहानगा आपल्या भावाकडे, फेरेओल बेलिये-बोमाँकडे दिला. फेरेओलला झाडाझुडपांचा भारी नाद. बेलव्ह्यू नावाचा त्याचा मळा होता. सकाळी बागेत फेरी मारताना तो एडमंडला बरोबर घ्यायचा, झाडांची नावं सांगायचा, कलमं कशी करतात ते दाखवायचा. अक्षरओळख मात्र त्याने पोराला करून दिली नाही. लाडका होता, घरच्यासारखा वाढवला, असं फेरेओलने पुढे लिहून ठेवलं आहे. ते खोटं मानायचं कारण नाही. पण लाडका असला तरी कागदोपत्री तो मालमत्ताच होता, बैल आणि गाडीच्या रांगेतला.

त्याच फेऱ्यांमध्ये केव्हातरी फेरेओलने त्याला भोपळा-कलिंगडाच्या जातीतल्या एका वेलावर नर फूल कोणतं, मादी कोणतं आणि दोघांचं लग्न हाताने कसं लावायचं ते दाखवलं. मालकाच्या दृष्टीने तो रिकाम्या वेळचा उद्योग होता.

वेल फुलतो, शेंग धरत नाही

व्हॅनिला मूळची मेक्सिकोकडची. तिथले टोटोनाक लोक ती आधीपासून वापरत, अझ्टेक तिची पूड कोकोच्या पेयात घालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश आले आणि हा वास युरोपात पोचला. त्यानंतर तब्बल तीनशे वर्षं मेक्सिको सोडून व्हॅनिलाची शेंग कुठेही व्यापारापुरती पिकली नाही. वेल नेता येत होता. कांडं लावलं की फुटत होतं, झाडावर चढत होतं, फुलतही होतं. शेंग तेवढी धरत नव्हती.

कारण फुलाच्या घडणीत आहे. व्हॅनिला हे ऑर्किड. खानापूर आणि चोर्ला भागात पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी तुरे लोंबतात, ती सीतेची वेणी हिचीच लांबची नातेवाईक. व्हॅनिलाच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग एकाच दांड्यावर, एकमेकांपासून केसभर अंतरावर असतात. पण मध्ये एक पातळ पडदा असतो, जिभेसारखा. तो उचलला नाही तर पराग खालच्या चिकट भागापर्यंत पोचतच नाही. वाऱ्याने तो हलत नाही, कुठलीही माशी येऊन बसली म्हणून उघडत नाही. मेक्सिकोच्या जंगलातल्या ठरावीक माश्यांनाच ते जमतं आणि तिथेही शंभर फुलांतल्या फारच थोड्या फुलांना शेंग लागते. त्यातून फूल उमलतं पहाटे आणि दुपारपर्यंत कोमेजायला लागतं. त्या एका सकाळी काम झालं तर झालं, नाही तर दुसऱ्या दिवशी ते फूल जमिनीवर.

रियुनियनमध्ये फ्रेंचांनी १८१९ आणि १८२२ मध्ये व्हॅनिलाचे वेल आणून लावले होते. बेटावर हवा दमट, ऊन बेताचं, माती ज्वालामुखीची. सगळं जमून आलेलं, फक्त माशी नव्हती. वीस वर्षं लोक वाट बघत राहिले. काहींनी कंटाळून वेल काढून टाकले.

शास्त्रज्ञ गप्प बसले होते असं नाही. बेल्जियममधल्या लिएज शहरात शार्ल मोराँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये काचघरातल्या व्हॅनिलाचं परागीभवन हाताने करून शेंगा धरून दाखवल्या. थोड्याच काळात पॅरिसच्या वनस्पती उद्यानातही ते जमलं. म्हणजे कल्पना एडमंडच्या आधी होती, हे मान्य करायला हवं. पण काचघरात दहा-वीस फुलांवर केलेला प्रयोग वेगळा आणि मळ्यात सकाळच्या चार-पाच तासांत हजार फुलं उरकणं वेगळं. मळेवाल्यांच्या उपयोगाचं काही तोवर त्यांच्या हाती आलेलं नव्हतं.

बेलव्ह्यूच्या मळ्यातली सकाळ

फेरेओलकडे जुन्या वेलांपैकी एकच उरला होता. १८४१ मध्ये नेहमीसारखी फेरी मारताना त्याला त्या वेलावर एक शेंग दिसली, जवळच दुसरीही. तो थबकला. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. शेजारी उभ्या एडमंडने सांगितलं की हे आपण केलंय. फेरेओलचा विश्वास बसला नाही. बारा वर्षांचं पोर काहीतरी ठोकून देतंय असंच त्याला वाटलं. दोन-तीन दिवसांनी आणखी एक शेंग धरलेली दिसली, तेव्हा त्याने एडमंडला करून दाखवायला सांगितलं.

एडमंडने फूल डाव्या हातात धरलं. त्याची पुढची पाकळी बाजूला सारली. बांबूच्या बारीक काडीने मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने परागाची गोळी खालच्या चिकट भागावर हलकेच दाबली. काडी काढून घेतली. झालं. सरावाच्या माणसाला या सगळ्याला काही सेकंद लागतात.

करून दाखवल्यावर हे अगदी सोपं वाटतं. पण त्यासाठी त्या पोराने फूल उघडून आत नीट पाहिलं होतं, पडदा कुठे आहे, त्याच्या वर काय आणि खाली काय हे स्वतःचं स्वतः ताडलं होतं. भोपळ्यात नर फूल वेगळं, मादी वेगळं. इथे दोघं एकाच फुलात आणि मध्ये भिंत. मालकाने शिकवलेलं जसंच्या तसं करून इथे भागलं नसतं. फेरेओलला याची जाण होती आणि त्याने ती लपवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने शेजारच्या मळेवाल्यांना कळवलं. मग एडमंडला या मळ्यातून त्या मळ्यात पाठवायला लागले. तिथल्या गुलामांना गोळा करून तो काडी कशी धरायची ते दाखवायचा. मोबदला त्याला मिळायचा प्रश्नच नव्हता, तो अजून गुलाम होता.

यातला हिशेब बघण्यासारखा आहे. एका घोसात पंधरा-वीस कळ्या, रोज एखाद-दुसरी उमलते. फुलोरा दोन-तीन महिने चालतो, म्हणजे तितके दिवस रोज सकाळी प्रत्येक वेलापाशी जावं लागतं. सगळ्या फुलांना शेंगा धरू दिल्या तर वेल खचतो, म्हणून घोसातली आठ-दहाच फुलं धरायची. तरबेज माणूस दिवसाला हजार ते दीड हजार फुलं उरकतो. शेंग पिकायला पुढे आठ-नऊ महिने. मग गरम पाण्यात बुडवणं, घोंगडीत गुंडाळून घाम काढणं, उन्हात आणि सावलीत वाळवणं. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून कशीबशी एक किलो तयार व्हॅनिला निघते. केशर सोडलं तर एवढं महाग मसाल्याचं पीक दुसरं नाही आणि ते का महाग आहे याचं उत्तर या मजुरीत आहे.

रियुनियनचे आकडे बोलके आहेत. १८४८ मध्ये बेटावरून फ्रान्सला जेमतेम ५० किलो व्हॅनिला गेली. दहा वर्षांनी, १८५८ मध्ये, दोन टन. १८६७ पर्यंत २० टन. १८९८ मध्ये २०० टन. तोवर मेक्सिको मागे पडलं होतं. बेटावरून वेल आणि काडीची ही पद्धत मादागास्करला गेली, आणि आज जगात सर्वाधिक व्हॅनिला मादागास्करचीच. तिला व्यापारात अजूनही बूर्बाँ व्हॅनिला म्हणतात, बेटाच्या जुन्या नावावरून.

स्वातंत्र्य आणि आडनाव

२० डिसेंबर १८४८. फ्रान्सने गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम रियुनियनवर जाहीर झाला आणि सुमारे ६० हजार माणसं एका दिवसात मोकळी झाली. त्या वर्षी एडमंडही मोकळा झाला. नोंदवहीत आडनाव हवं, म्हणून त्याला अल्बियस हे नाव मिळालं. लॅटिनमध्ये पांढऱ्याला जो शब्द आहे त्यावरून ते पाडलेलं. एका काळ्या तरुणाला पांढऱ्यावरून आडनाव. व्हॅनिलाच्या फिकट फुलाची आठवण म्हणून दिलं असं काही सांगतात. काहींना त्यात कुचेष्टा दिसते. दोन्ही असू शकतं.

गुलामगिरी गेली तेव्हा फ्रेंच सरकारने १८४९ च्या कायद्याने नुकसानभरपाई दिली. ती मालकांना, माणसामागे ठरावीक रक्कम अशी. मोकळ्या झालेल्यांच्या हाती दमडी ठेवली गेली नाही. जमीन नाही, अवजार नाही, लिहिता-वाचता येत नाही. सावकाराच्या वहीत असतो तसा हा हिशेब, एका बाजूला सगळं जमा आणि दुसऱ्या बाजूला कोरं पान. पुढे मळ्यांवर मजूर कमी पडले म्हणून हिंदुस्थानातून, जास्त करून तमिळ मुलखातून, करारावर माणसं नेण्यात आली. त्यांचे वंशज आज रियुनियनमध्ये मोठ्या संख्येने आहेत.

एडमंड मळा सोडून राजधानी सेंट डेनिसला गेला. तिथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी स्वयंपाकघरात काम मिळालं. ज्याच्या बोटांवर बेटाचा नवा धंदा उभा राहत होता, तो आता भांडी घासत होता. यात सरकारला, व्यापाऱ्यांना काही वावगं वाटल्याचं दिसत नाही.

१८५२ मध्ये दागिन्यांच्या चोरीच्या एका प्रकरणात तो सापडला आणि त्याला पाच वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. फेरेओल आणि सेंट सुझानचे न्यायाधीश लेपेर्वांश यांनी मग गव्हर्नरकडे खटपट केली. या माणसामुळे बेटाला उत्पन्नाचं केवढं साधन मिळालं, त्याचा विचार करून दया दाखवावी, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांनी त्याची सुटका झाली. या अर्जांत त्याच्या वकिलीपेक्षा बेटाचा व्यापारच जास्त बोलला असं वाटतं, पण सुटका झाली हे खरं.

श्रेयावरून वाद

धंद्यात पैसा दिसायला लागला की श्रेय मागायला माणसं पुढे येतात. सेंट डेनिसच्या सरकारी बागेचे प्रमुख रिशार हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी दावा केला की ही पद्धत आपण पॅरिसमध्ये शिकलो होतो आणि एडमंडच्या आधी काही वर्षं बेटावर येऊन लोकांना दाखवली होती. हा पोरगा तेव्हा तिथेच कुठेतरी असावा आणि त्याने पाहून उचललं असावं.

गुलामाच्या पोराने स्वतःच्या डोक्याने काही शोधलं हे पटणं त्या काळच्या शिकलेल्या माणसांना जड जात होतं, दाव्यामागे हे होतंच. फेरेओलला मात्र ते सहन झालं नाही. बेटाचा इतिहास गोळा करणाऱ्या व्होल्सी फोकार यांना त्याने सविस्तर पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. रिशार आपले जुने मित्र आहेत, त्यांना दुखवायचं नाही, पण त्यांची आठवण चुकते आहे. त्यांनी ही विद्या आधीच शिकवली असती तर १८४१ पर्यंत बेटावरच्या एकाही मळ्यात शेंग का धरली नाही? आणि एडमंडला जागोजागी का बोलवावं लागलं? या प्रश्नाला रिशारांच्या बाजूने पटणारं उत्तर आलं नाही. फोकार यांनी १८६२ मध्ये एडमंडची बाजू छापून आणली. योगायोग असा की चार्ल्स डार्विनचं ऑर्किडच्या परागीभवनावरचं पुस्तकही त्याच वर्षी लंडनला निघालं. पुढच्या वर्षी चित्रकार आंत्वान रुसाँने एडमंडचं चित्र छापलं, हातात व्हॅनिलाचा वेल घेतलेलं. त्याचा चेहरा आज आपल्याला माहीत आहे तो या चित्रामुळे.

श्रेय असं बऱ्यापैकी पदरात पडलं. पैशाचं तसं झालं नाही. सरकारने एडमंडला काही तरी बक्षीस किंवा पोटापुरतं निर्वाहवेतन द्यावं अशी मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. उत्तर आलंच नाही. नकाराचंसुद्धा नाही. सरकारदरबारी अर्ज पडून राहणं म्हणजे काय हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

सुटल्यावर तो सेंट सुझानला, बेलव्ह्यूच्या जवळच येऊन राहिला. पुन्हा तीच माती, तेच वेल, फक्त आता शेजारीपाजारी सगळे व्हॅनिलावर कमावत होते. ऑगस्ट १८८० मध्ये सेंट सुझानच्या इस्पितळात तो गेला, वय ५१. बेटावरच्या एका वर्तमानपत्राने त्याच महिन्यात छोटी बातमी दिली. वसाहतीला एवढा फायदा करून देणारा माणूस हालात मेला आणि मदतीच्या त्याच्या अर्जाला कधी उत्तर मिळालं नाही, एवढं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

कर्नाटकात आलेली लाट

ही काडी आपल्या भागाच्याही जवळ येऊन गेली आहे. २००० मध्ये मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि जगात व्हॅनिला कमी पडली. भाव चढत गेले. सिरसी, मलनाड, दक्षिण कन्नड आणि खाली केरळपर्यंत सुपारी-नारळाच्या बागांत लोकांनी व्हॅनिला लावली. बायका-माणसं पहाटे टाचणी किंवा बांबूची काडी घेऊन फुलांमागे लागली. २००३-०४ च्या सुमारास भाव असे होते की रात्री शेंगांवर राखण ठेवावी लागे. मग मादागास्करचं पीक परत आलं, कंपन्या कृत्रिम व्हॅनिलिनकडे वळल्या आणि भाव कोसळले. अनेकांनी वेल उपटून टाकले. ज्यांनी चढ्या भावाने कांडी विकत घेतली होती त्यांचं कंबरडं मोडलं.

हाताने परागीभवन फक्त व्हॅनिलापुरतं नाही. धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. कटारकी यांनी तयार केलेला वरलक्ष्मी हा संकरित कापूस १९७२ मध्ये आला. त्याच्या बियाण्यासाठीही फूल न् फूल हाताने सोलून दुसऱ्या जातीचे पराग लावावे लागत. कापसाच्या संकरित बियाण्याचं हे काम वर्षानुवर्षं बायका आणि लहान मुली करत आल्या. बोटं बारीक हवीत, वाकून दिवसभर उभं राहता यायला हवं आणि मजुरी कमी घ्यायला हवी, ही त्यातली न लिहिलेली अट.

रियुनियनमध्ये व्हॅनिलाची लागवड आता फार थोडी उरली आहे. सेंट सुझान गावात एडमंडचं स्मारक उभं आहे. मळ्यात कामाला येणाऱ्या नव्या मजुराला पहिल्या दिवशी फूल कसं धरायचं ते शिकवतात, तेव्हा त्या हालचालीला तिथे एडमंडचीच हालचाल म्हणतात. पडदा उचलायला लागणारी काडी अजून तशीच आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण हे काम सकाळच्या वेळात तितकं स्वस्त आणि तितकं बिनचूक करणारं यंत्र कुणाला जमलेलं नाही.